भाव उतरेपर्यंत

“आता घेऊ का थांबू, एवढंच सांगा,” प्राजक्ता गावंडे म्हणाली.

प्रीतम तेलगोटेने हातातला कंट्रोलर काउंटरवर ठेवला. गिऱ्हाइके साधारणपणे हमी विचारत, हप्ते विचारत, सोबत कोणता गेम फुकट मिळेल ते विचारत. कधी घ्यावे, हे क्वचितच कुणी विचारी, आणि प्रीतमकडे खरे उत्तर होते ते नेमके याच प्रश्नाचे. त्याने खणातून आलेखाचा कागद काढून तिच्यासमोर पसरला.

फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार होता. अकोल्याच्या टॉवर चौकाजवळच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात, फ्रिजच्या रांगेपलीकडे, गेम कन्सोलचा कोपरा होता. मंगळवार आणि शनिवार प्रीतम इथे बसे. उरलेले दिवस अमरावतीत, राजकमल चौकातल्या दुकानात. काम दोन्हीकडे एकच. यंत्र चालवून दाखवायचे, जमल्यास विकायचे, आणि आठवड्यात किती गेली तो आकडा पुण्याला कळवायचा. पगार एक एजन्सी देई. अंगातला टी-शर्ट कंपनीचा होता आणि तो विशीतल्या मुलाच्या मापाने शिवलेला होता. प्रीतम सेहेचाळीस वर्षांचा होता.

या धंद्याची एक लय होती. दर सहा-सात वर्षांनी नवे यंत्र येई. पहिल्या वर्षी ते महाग असे आणि तरी मिळत नसे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भाव उतरे आणि खप चढे. मग पुढच्या यंत्राच्या बातम्या सुरू होत, गिऱ्हाईक हात आखडून बसे, खप कोसळे, आणि एजन्सी प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांना काढून टाके. नवे यंत्र आले की त्यांना पुन्हा बोलावणे येई. प्रीतमने अशी दोन चक्रे अंगावर काढली होती. दोनदा त्याला काढले होते, दोनदा बोलावले होते. मधल्या काळात त्याने शिकवण्या केल्या, मोबाइलची दुकाने सांभाळली आणि दोन्ही शहरांचे आठवड्याचे खप-भावाचे आकडे आलेखावर मांडले. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. दोन निरीक्षणांवरून नियम बसवणाऱ्या विद्यार्थ्याची प्रयोगवही त्याच्या सरांनी खिडकीतून बाहेर फेकली असती. पण आलेख सुबक होता, आणि सुबक आलेखावर शंका घेणे माणसाला जड जाते.

“हे पाहा ताई. मागच्या मशीनचा भाव इथं पडला, दिवाळीच्या तोंडावर. त्याच्या आधीच्याचाही इथंच. आताच्या मशीनचं हेच वर्ष आहे. आठ-दहा हजारानं उतरन.”

“नक्की?”

“मी इथं विकायले बसलो, अन् मीच तुमाले थांबा म्हणून राहिलो. याच्याहून नक्की काय सांगू?”

प्राजक्ताने कागदाकडे पुन्हा एकदा पाहिले. दिवाळीला आठ महिने होते, असे ती म्हणाली.

“आठ महिने काय असते, ताई. पाहता पाहता जाते.”

ती मान हलवून निघून गेली. कन्सोल कुणासाठी हवा आहे हे तिने सांगितले नाही आणि प्रीतमने विचारले नाही. ती त्याची पद्धतच होती. पस्तिशी-चाळिशीतली माणसे स्वतःसाठी खेळ घ्यायला येत आणि विचारले की ओशाळत. म्हणून विचारायचे नाही.

विचारले असते तर तिने कदाचित सांगितले असते की यंत्र तिच्या नवऱ्यासाठी आहे. अंकुर गावंडे वीज कंपनीत लाइनमन होता, वय छत्तीस. नोव्हेंबरात खांबावर चढलेला असताना त्याच्या हातून एकाच दिवशी तीनदा पक्कड पडली. जानेवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केले. स्नायूंना हलवणाऱ्या नसा या आजारात एकेक करून मरतात. कारण माहीत नाही, उपाय नाही. बुद्धी, नजर आणि स्पर्श शेवटपर्यंत शाबूत राहतात. डॉक्टरांनी दोन ते पाच वर्षे सांगितली, आणि ती सरासरी आहे की मध्यक, हेही समजावून दिले, कारण प्राजक्ताने ते विचारले. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती.

परतीच्या गाडीत अंकुर मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेरचे विजेचे खांब मोजत बसला. मग म्हणाला, “मले ते गेमचं मशीन पायजे. हात हायेत तोवर.”

आयटीआयला असताना अमरावतीत गाडगेनगरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो तासाला वीस रुपये देऊन गाड्यांची शर्यत खेळत असे. तेव्हापासून ते यंत्र त्याच्या यादीत होते. पण यादीत त्याच्या वर आधी मोटारसायकल आली, मग बहिणीचे लग्न, मग प्लॉट, मग मुलीची शाळा. यादीतली बाकीची नावे आता एकदमच खोडली गेली होती, आणि हे एक उरले होते.

फिजिओथेरपिस्टकडे पकडीचे बळ मोजण्याचे यंत्र होते. फेब्रुवारीत उजवा हात अठ्ठावीस किलो भरला, डावा सतरा. धडधाकट माणसाचा पंचेचाळीसच्या आसपास भरतो.

प्राजक्ताने घरी येऊन दुकानातले सगळे सांगितले. अंकुरने एकच विचारले, विकणारा स्वतः थांबा म्हणाला का? ती हो म्हणाली.

“मंग खरा माणूस हाय. थांबू.”

दहा हजार म्हणजे फिजिओथेरपीचे तीन महिने, हा हिशेब दोघांनीही मनात केला होता. निर्णय मूर्खपणाचा नव्हता. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर दुसऱ्या कुणीही तोच घेतला असता.

दुकानाचे व्यवस्थापक गोवर्धनजी प्रीतमच्या या सल्ल्यांना वैतागले होते. गिऱ्हाईक आणायचा पगार घेता का वापस पाठवायचा, असे त्यांनी दोनदा सर्वांसमक्ष विचारले. प्रीतम म्हणे, मी थांबवलेले गिऱ्हाईक माझ्याकडेच परत येते. ते खरेही होते. मागच्या दोन चक्रांत भाव उतरल्यावर पेढे घेऊन आलेली माणसे त्याला आठवत. हा त्याचा प्रामाणिकपणा होता, आणि त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, जी प्रीतमने कधी वेगळी काढून पाहिली नाही. त्याला बरोबर ठरायला आवडे. आयुष्यात बाकी कुठे तो फारसा बरोबर ठरला नव्हता.

दिवाळीत भाव उतरला नाही. कंपनीने एक गेम आणि एक हेडफोन फुकट दिला. धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवारी प्राजक्ता दुकानात आली तेव्हा काउंटरभोवती कोंडाळे होते. पर्स तिने छातीशी धरली होती. पूर्ण रक्कम आत होती. प्रीतमने तिला ओळखले. ओशाळण्याऐवजी त्याने नवे स्पष्टीकरण दिले. पुढच्या यंत्राची बातमी फुटली आहे, कंपनी जुना माल अडवून बसली आहे, गुढीपाडव्याला तो मोकळा करावाच लागेल. आलेख चुकलेला नाही, थोडा सरकला आहे.

“आमाले लवकर पायजे होतं,” प्राजक्ता म्हणाली.

“सगळ्याइलेच लवकर पायजे असते, ताई. आज घ्यान, अन् पाडव्याले भाव पाहून मलेच शिव्या द्यान.”

बाजूच्या दोघा-तिघांनी हसून दुजोरा दिला. तिने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. पण त्या गर्दीत, फटाक्यांच्या आवाजात, आजाराचे इंग्रजी नाव उच्चारणे तिला जमले नाही. ती पैसे तसेच घेऊन घरी गेली.

त्या आठवड्यात अंकुरचा उजवा हात चौदा किलो भरला. डाव्याला सुई हलली नाही. पकड मोजणारे ते यंत्र दोन किलोंच्या खाली मोजत नसे. कंट्रोलरचे बटण दाबायला अर्धा किलोही बळ लागत नाही. म्हणजे अजून वेळ होता. पण हाताचे आकडे प्राजक्ताकडे होते आणि बटणाचा आकडा प्रीतमकडे, आणि ते दोन आकडे एका कागदावर कधी आले नाहीत.

गुढीपाडवाही गेला. एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी अमरावतीच्या दुकानात प्रीतमला कंपनीची ईमेल आली. सोमवारपासून किंमत पाच हजारांनी वाढणार होती. मेमरीच्या चिप महागल्या होत्या, कारण त्या आता मोठमोठ्या संगणक केंद्रांकडे वळल्या होत्या. शिवाय रुपया घसरला होता. प्रीतमने कागद काढून नवा बिंदू मांडला. इतके दिवस सपाट राहिलेली रेघ शेवटी वर वळली. त्याने पाहिलेल्या दोन्ही चक्रांत असे झाले नव्हते.

पूर्वी भाव उतरत, कारण तीच चिप दर वर्षी स्वस्तात बनू लागे. ते स्वस्त होणे थांबले होते. इतकी वर्षे त्याने परिणाम मोजला होता. कारण मोजायचे त्याला सुचलेच नव्हते. त्याच आठवड्यात एजन्सीचा निरोप आला, की जूनअखेर दोन्ही काउंटर बंद होतील. या वेळी ‘पुढे कळवू’ हे वाक्य त्यात नव्हते.

मंगळवारी प्राजक्ता आली. तिने प्रश्न विचारला नाही. खोक्याकडे बोट दाखवले आणि पैसे मोजून ठेवले.

प्रीतमने चार दिवस मनात घोळवलेले वाक्य म्हटले, “ताई, माझं चुकलं. पाच हजाराचं नुकसान झालं तुमचं.”

“पाच हजाराचं काही नाही,” ती म्हणाली. यंत्र जोडून द्यायला कुणी घरी येईल का, एवढेच तिने विचारले. दुपारी काउंटरवर कुणी फिरकत नसे. प्रीतम स्वतःच खोके घेऊन तिच्याबरोबर ऑटोत बसला.

घर मोठी उमरीत होते, दोन खोल्या आणि पत्र्याचा व्हरांडा. पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, मानेला आधार असलेल्या खुर्चीत एक हडकुळा माणूस बसला होता. दोन्ही हात उशीवर ठेवलेले होते, कुणीतरी ठेवल्यासारखे. प्रीतमचे लक्ष वायरींत होते. त्याने यंत्र जोडले, शर्यतीचा गेम लावला, आणि पंधरा वर्षांच्या सवयीने, “धरा साहेब,” म्हणत कंट्रोलर त्या माणसाच्या हातात दिला.

बोटे मिटली नाहीत. कंट्रोलर मांडीवरून घरंगळून फरशीवर पडला.

प्रीतमने तो उचलला. पुन्हा द्यायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

“तुमीच का ते, थांबा म्हणनारे?” अंकुरने विचारले. शब्द जड येत होते, जिभेखाली काही ठेवल्यासारखे.

“हो.”

“मंग काय झालं भावाचं?”

“वाढला.”

अंकुर हसू लागला. हसू गंमतीपेक्षा फार लांबले. ते थांबवणेही आता त्याच्या हाती नव्हते. प्राजक्ताने पदराने त्याचे ओठ टिपले आणि ते ओसरेपर्यंत खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

प्रीतमने फरशीकडे पाहत विचारले, “मागच्या साली, फेब्रुवारीत... त्या वेळेस हात कसे होते?”

“उजवा अठ्ठावीस किलो, डावा सतरा,” प्राजक्ता म्हणाली. रिपोर्ट वाचून दाखवावा तसा तिचा आवाज होता. “दिवाळीत उजवा चौदा. डावा मोजता येत नव्हता, पण अंगठा हलत होता.” मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती बहुधा सहा महिने बाळगून होती. “तेवढ्यात चाललं असतं का हे?”

खोटे बोलण्याची ती अगदी योग्य वेळ होती. नाही, इतकेच म्हटले असते तर तिची त्या दिवशी पर्स घेऊन परत फिरलेली पावले निरर्थक ठरली असती, म्हणजे निर्दोष ठरली असती. प्रीतमला ते कळत होते. पण कुणी आकडा विचारला की त्याच्या तोंडून दुसरे काही निघत नसे.

“चाललं असतं,” तो म्हणाला.

प्राजक्ता स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. भांडे वाजले नाही.

“विचारलं तिनंच,” अंकुर हळूच म्हणाला. “तुमी काय करान.” मग टीव्हीकडे नजर वळवून म्हणाला, “आता खेळून दाखवा मले. तुमचं कामच हाय ना ते.”

प्रीतम स्टुलावर बसून खेळला. तो पहिला आला. त्या रस्त्यावरून तो काही हजार वेळा गेला होता. अंकुरला ते पसंत पडले नाही.

“तुमी कसे खेळता ते नाई पायचं मले. मी सांगतो तसं चालवा. तुमचं डोकं नका लावू त्यात.”

शर्यत पुन्हा सुरू झाली. अंकुर डावीकडे म्हणाला तेव्हा वळण मागे पडले होते आणि गाडी भिंतीवर गेली. उजवीकडे म्हणाला, ती दरीत गेली. आज्ञा, ती ऐकू येणे आणि अंगठा दाबला जाणे, यांत सव्वा-दीड सेकंद जात होता, आणि दोनशेच्या वेगाने तेवढ्यात पाऊणशे मीटर रस्ता संपतो. चौथ्यांदा गाडी आपटल्यावर प्रीतमने वेग कमी करायला सुरुवात केली. दीडशे, शंभर, सत्तर. चाळीसला शब्द आणि वळण एकत्र पोचू लागले. बाकीच्या सगळ्या गाड्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. त्या रिकाम्या रस्त्यावरून त्यांची गाडी तालुक्याच्या एसटीसारखी निवांत चालली, आणि एकदाही आपटली नाही.

“हा खांब पाहा,” अंकुर मध्येच म्हणाला. “उभी करा, उभी करा. याले ताणाची तारच नाई बांधली. वळणावरचा खांब, अन् ताण नाई. वाऱ्यानं पडन हा.”

प्रीतमने पाहिले. रस्त्याकडेला विजेचा खांब होता, तारांसकट. इतक्या वर्षांत तो त्याला दिसला नव्हता.

जूनअखेर काउंटर बंद झाले. प्रीतमला गाडगेनगरच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीचे विज्ञान शिकवण्याचे काम मिळाले, एजन्सीच्या निम्म्या पगारावर. मंगळवार त्याने मोकळा मागून घेतला. सकाळी तो अमरावतीहून अकोल्याची एसटी धरी आणि दुपारी मोठी उमरीत पोचे. त्याला कुणी बोलावले नव्हते. पहिल्यांदा असा आला, तेव्हा प्राजक्ता दारात क्षणभर उभी राहिली, मग बाजूला झाली. या विषयावर त्यांच्यात पुढेही बोलणे झाले नाही. ती चहा आणून ठेवी आणि सुट्टी नसली की प्रयोगशाळेत परत जाई. पत्नी माया घरी विचारी, त्या माणसाला बरे वाटते का तुमच्या जाण्याने. प्रीतम म्हणे, ते मला माहीत नाही. मोजायचे साधन नाही.

श्रावणात अंकुरचे शब्द लांबू लागले आणि वेग पंचवीसवर आणावा लागला. पोळ्यानंतर त्याचे बोलणे फक्त प्राजक्ताला कळू लागले. मग तिने मंगळवारची दुपारची पाळी बदलून घेतली. अंकुर म्हणे, ती ऐके, ती प्रीतमला सांगे, आणि गाडी वळे. तिघांमधून आज्ञा पोचायला चार-पाच सेकंद लागत. वेग बारा. खेळाला हे मान्य नव्हते. ठराविक वेळाने पडद्यावर शर्यत संपल्याची पाटी येई आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तेव्हा प्रीतमने शर्यत सोडून नुसते फिरायचा प्रकार शोधून काढला, ज्यात प्रतिस्पर्धी नसतात आणि घड्याळ नसते. गिऱ्हाइकांना तो त्याने कधीच दाखवला नव्हता; त्यावर एकही यंत्र विकले गेले नसते.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी शब्दही उरले नव्हते. नाकावर श्वासाचा मुखवटा होता. प्राजक्ता खुर्चीशेजारी, टीव्हीकडे पाठ करून बसली, म्हणजे तिला त्याचे डोळे दिसावेत. डोळे डावीकडे गेले की ती “डावीकडे” म्हणे. डोळे मिटले की ती “थांबा” म्हणे आणि प्रीतम गाडी उभी करी. उघडले की पुन्हा चालवी. खोलीत मुखवट्याच्या हवेचा आवाज होता आणि अधूनमधून तिचा एकेक शब्द.

समोर लांबलचक वळण होते. प्राजक्ता नवऱ्याच्या डोळ्यांवरून नजर न काढता वाट पाहत होती. प्रीतमचा अंगठा बटणावर टेकलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा सहावर होता. गाडी रस्त्यावर होती.